निवेदकाचा आवाज आणि ॲप स्टोअरची अट: कोल्हापुरातल्या एका कुस्ती-गेमचं प्रकरण

माझ्याकडे मॅक आहे, एवढ्या एकाच पात्रतेवर मी या प्रकरणात ओढला गेलो. आयफोनसाठी ॲप बांधायचं तर शेवटच्या टप्प्याला एक्सकोड हे ॲपलचं ॲप बांधायचं सॉफ्टवेअर लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. शिवाजी उद्यमनगरात एका लेथ कारखान्याच्या पोटमाळ्यावर तिघंजण कुस्तीचा गेम करत होते: कोड लिहिणारा एक, चित्रं आणि मॉडेलं करणारी एक, आणि बाकी सगळं, म्हणजे आवाज, हिशेब आणि चहा, बघणारा एक. पैसे घातले होते खालच्या कारखान्याच्या मालकांनी. त्यांची अट साधी होती. त्यांच्या हातात आयफोन, त्यामुळे "माझ्या फोनवर दिसलं की पुढचा हप्ता." ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी त्यांनी भरून टाकली होती. म्हणजे उरलं होतं फक्त बटण दाबायचं, असं सगळ्यांना वाटत होतं.

गेम खरंच चांगला होता. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानावर बेतलेला आखाडा, हलगीचा ठेका, सलामी, खडाखडी, मग ढाक, एकलंगी, घिस्सा, कलाजंग असे डाव. पण लोकांना वेड लावलं ते निवेदकानं. खेळणाऱ्यानं आपलं आणि आपल्या तालमीचं नाव टाईप करायचं, की कुस्ती लागताना आवाज यायचा, "अमुक तालमीचा पट्ठा अमुक, लाल लांगेत!" आवाज यंत्राचाच, थोडा नाकातला, पण आपलं नाव मैदानात पुकारलं जातंय हे ऐकून पोरं जागेवर शड्डू ठोकत होती. तीस-चाळीस पैलवानांच्या फोनवर एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाईल, व्हॉट्सॲपनं आधीच पोचली होती.

इंजिन, म्हणजे गेम ज्या तयार सांगाड्यावर उभा राहतो तो, होतं गोडो. सुरुवात युनिटी या दुसऱ्या इंजिनात झाली होती. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं की ठराविक मर्यादेपुढं प्रत्येक इन्स्टॉलमागं शुल्क लागेल, आणि हे तिघं बिथरले. ती मर्यादा मोफत आवृत्तीसाठी वर्षाला दोन लाख डॉलर कमाई अधिक दोन लाख इन्स्टॉल अशी होती; उद्यमनगरच्या पोटमाळ्यावर ही भीती बाळगणं म्हणजे खरं तर सुखच. पण पैशापेक्षा खटकलं ते हे की मधेच अट बदलता येते. वर्षभरानं युनिटीनं ते शुल्क मागं घेतलं, तोवर यांचा आखाडा गोडोत उभा राहिला होता. गोडोचं लायसन्स एमआयटी. वापरा, बदला, विका, फक्त लायसन्सचा मजकूर आणि कॉपीराइटची ओळ सोबत ठेवा. शिवाय गोडो ४ मध्ये हार्फबझ हा अक्षरं जुळवणारा कोड आल्यामुळं मराठी जोडाक्षरं नीट दिसतात. गोडो ३ मध्ये "मल्ल" लिहिला की ल फुटून बाजूला पडायचा.

"इंजिन एमआयटी आहे, म्हणजे आपण मोकळे," हे वाक्य मी त्या पोटमाळ्यावर पहिल्याच दिवशी ऐकलं. गेममध्ये बाहेरचा कोणता कोड कुठल्या लायसन्सखाली वापरलाय हे दाखवणारा परवान्यांचा स्क्रीन भरायला घेतला तेव्हा ते खोटं ठरलं. प्रोजेक्टमध्ये जोडलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, फोल्डरात ईस्पीक एनजी होतं. निवेदकाचा आवाज तिथून येत होता. ही मराठी बोलू शकणाऱ्या मोजक्या मुक्त वाचकप्रणालींपैकी एक, आकारानं लहान, नेटशिवाय चालणारी. आणि तिचं लायसन्स जीपीएल, म्हणजे सोबत जोडून वाटलेला कोडही उघडा ठेवायला लावणारं; त्याची तिसरी आवृत्ती.

कोड लिहिणाऱ्याचं म्हणणं, "भावा, मी इंजिनात हातच लावला नाही. बाहेरनं एक्स्टेन्शन म्हणून जोडलंय." गोडोत अशी सोय आहे खरी. पण आयफोनच्या बांधणीत ते सगळं एकाच ॲपच्या पोटात जातं, एकाच प्रक्रियेत चालतं, एकमेकांची फंक्शनं बोलावतं. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते हे मिळून एकच काम होतं आणि सगळ्यालाच जीपीएल लागतो. वकिलांत यावर एकमत नाही. पण जिथं वकिलांत एकमत नाही तिथं तिघांच्या कंपनीनं पाय ठेवू नये, असं माझं मत.

आता इथं दोन वेगळे गुंते आहेत आणि लोक ते हमखास एकत्र करतात. पहिला: बंद कोडच्या गेममध्ये जीपीएल लायब्ररी घातली, तर गेमचा कोड उघडा करावा लागतो. हा गुंता स्टोअरचा नाहीच. पैलवानांना एपीके पाठवली त्याच दिवशी तो झाला होता. दुसरा: समजा कोड उघडा केला, सगळं जीपीएलखाली दिलं, तरी ॲप स्टोअरवर अडतं. ते का, हे समजायला २०१० मध्ये जावं लागतं.

त्या वर्षी ग्नू गो, म्हणजे पटावरच्या गो या खेळाचा जीपीएलखालचा प्रोग्राम, आयफोनवर कुणीतरी आणला. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचं सहावं कलम सांगतं की तुम्हाला जे हक्क मिळाले ते पुढच्याला देताना स्वतःची आणखी बंधनं घालायची नाहीत. ॲपलच्या स्टोअरच्या वापराच्या नियमांत मात्र किती आणि कोणत्या उपकरणांवर ॲप चालवायचं यावर बंधन होतं. म्हणजे जीपीएल म्हणतो, "कुठंही चालव, कुणालाही दे," आणि दुकान म्हणतं, "इतक्याच फोनवर." फाउंडेशननं तक्रार केली, ॲपलनं नियम न बदलता ॲप काढून टाकलं. तोच प्रकार व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचा. सप्टेंबर २०१० मध्ये ते आयपॅडवर आलं, व्हीएलसीच्याच एका प्रमुख प्रोग्रामरनं हरकत घेतली, जानेवारी २०११ मध्ये ते गेलं. परत यायला जुलै २०१३ उजाडलं, आणि त्याआधी प्रकल्पानं एकेका जुन्या सहभागी लेखकाला गाठून परवानगी मिळवत मूळ लायब्ररीचं लायसन्स बदलून घेतलं.

ॲपलचा आजचा प्रमाणित वापरकरार मी त्या रात्री पुन्हा वाचला. त्यात आता मुक्त घटकांसाठी एक कंसातली सवलत आहे: कॉपी करू नका, बदलू नका, पण आतल्या मुक्त घटकांचं लायसन्स जितकी मुभा देतं तितकी वगळून. काहींना वाटतं, झालं, मिटलं. मला तसं वाटत नाही. ती सवलत कॉपी आणि बदल यांच्या वाक्याला चिकटलेली आहे. ॲप फक्त ॲपलच्याच उपकरणांवर आणि वापरनियमांच्या हद्दीत चालवायचं, ही चौकट तिच्याबाहेर तशीच उभी आहे.

आणखी एक गैरसमज इथंच निस्तरतो, कारण इंटरनेटवर तो फार पसरलाय. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी तरतूद आहे की उपकरणासोबत सॉफ्टवेअर दिलं तर बदललेली आवृत्ती त्यावर बसवायची माहितीही द्यायची. लोक म्हणतात, आयफोनवर ॲपलनं मान्य केलेली डिजिटल सही असलेलंच ॲप चालतं, म्हणून तिसरी आवृत्ती बाद. पण ती तरतूद उपकरण विकण्याच्या व्यवहाराचाच भाग म्हणून सॉफ्टवेअर दिलं जातं तेव्हाची. आमच्या तिघांनी कुणाला फोन विकला नव्हता. खरी अडचण दहाव्या कलमात आहे, आणि ते कलम म्हणजे जुन्या सहाव्याचंच पुढचं रूप: जादा बंधन नको.

"मग स्टोअरवर इतकी जीपीएल ॲप्स दिसतात ती कशी?" हा प्रश्न चित्रकार मुलीचा, आणि या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा. उत्तर एका शब्दात: मालकी. लायसन्स म्हणजे मालकानं इतरांना दिलेली परवानगी. मालकाला स्वतःच्या मालासाठी ती लागत नाही. स्वतःचा कोड जीपीएलखाली देणारा मालक तोच माल आयफोनवर स्वतः विकू शकतो. कोण हरकत घेणार? दुसरी वाट लेखी सवलतीची. सिग्नल या निरोपांच्या ॲपच्या, सी भाषेतल्या जुन्या प्रोटोकॉल लायब्ररीला ॲप स्टोअरपुरती जादा परवानगी जोडलेली होती, नेक्स्टक्लाउड या फाईल साठवायच्या प्रकल्पाच्या आयफोन ॲपलाही तशी आहे. तिसऱ्या आवृत्तीचं सातवं कलम अशा जोडपरवानगीला जागा देतं. आणि तिसरी वाट म्हणजे कुणी तक्रार केलेली नाही, एवढीच. ॲपलचे तपासणीस लायसन्स उघडून बघत नाहीत. तक्रार आली की बघतात.

ईस्पीक एनजीच्या बाबतीत या तिन्ही वाटा आम्ही चाचपल्या. मालक आम्ही नाही. सवलत मागावी, तर मूळ ईस्पीक जोनाथन डडिंग्टन यांचं, २०१५ अखेरीस त्याचा फाटा फुटून एनजी झालं आणि त्यानंतर भाषाभाषांचे कितीतरी हात त्याला लागलेत. एकट्या मराठीच्या उच्चारनियमांना कुणाकुणाचा हात लागला हे शोधण्यातच आमचा उन्हाळा गेला असता. राहिली तिसरी, म्हणजे गुपचूप चढवायची. कोड लिहिणारा प्रामाणिकपणे म्हणाला, "कोण बघतंय कोल्हापूरकडं?" मी त्याला विचारलं, गेम चालला तर? न चालणाऱ्या गेमला कुणी तक्रार करत नाही. चाललेल्याला करतात, आणि तेव्हा मालक आपल्या पैशाचा हिशेब मागायला वर येतील.

इथं थोडं थांबून इंजिनांबद्दल बोलतो, कारण आमच्या तिघांना जे एका आठवड्यात कळलं ते इंजिनं करणाऱ्यांना पंधरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. एसडीएल ही गेमच्या जगातली पायाची लायब्ररी. १.२ आवृत्तीपर्यंत ती एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य भावंडाखाली होती. एलजीपीएल म्हणतो, बंद कोडमध्ये वापरा, पण वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली आवृत्ती जोडून बघता आली पाहिजे. आयफोनवर २०१४ च्या आयओएस ८ पर्यंत बाहेरच्यांच्या ॲपमध्ये लायब्ररी वेगळी ठेवताच येत नव्हती, सगळं एकत्र वितळवून ओतावं लागायचं. ओतल्यावर तुकडा बदलणार कसा? ओतकाम उद्यमनगरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एसडीएल २ झेडलिब या सैल लायसन्सखाली आलं. ओग्र या चित्रण-इंजिननं १.७ पासून एलजीपीएल सोडून एमआयटी धरला. बाकीची इंजिनंही अशाच सैल लायसन्सची: कोकोस२डी-एक्स एमआयटी, लिबजीडीएक्स अपाची, पांडा३डी बीएसडी, गोडो एमआयटी. रेन'पाय या गोष्टीवजा गेमांच्या इंजिनात मोठा भाग एमआयटी असला तरी आत एलजीपीएलचे तुकडे आहेत, आणि त्याच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे, वाचणारे थोडे. आज नवा गडी मोबाइलसाठी मुक्त इंजिन शोधतो तेव्हा त्याला सगळी सैल लायसन्सची इंजिनं दिसतात आणि वाटतं, हीच प्रथा. मला ते तसं सरळ वाटत नाही. दुकानाच्या दारातून जे आत जाऊ शकलं तेच मोबाइलवर वाढलं. जीपीएलवाली इंजिनं वाईट होती म्हणून मागं पडली नाहीत.

दुकानाचा हात लायसन्सपुरताही नव्हता. एप्रिल २०१० मध्ये ॲपलनं ॲप कुठल्या भाषेत लिहायचं हेसुद्धा ठरवून दिलं होतं, ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ किंवा जावास्क्रिप्ट. सप्टेंबरात ते मागं घेतलं. ती अट टिकली असती तर गोडोची जीडीस्क्रिप्ट ही भाषा आयफोनवर आलीच नसती. आजही ॲपलच्या तपासणीचा २.५.२ हा नियम सांगतो की ॲपनं नंतर कोड उतरवून आपलं वागणं बदलायचं नाही. आमच्या तिघांचा बेत होता दर महिन्याला एक नवा डाव, स्क्रिप्टसकट, सर्व्हरवरून पाठवायचा. तो बेत पाच मिनिटांत रद्द झाला; डावांची आकडेवारी तेवढी बाहेरून येते, डावाचा कोड ॲपमध्येच.

तर मग केलं काय? पहिलं, व्हॉट्सॲपवरची एपीके बंद. ज्यांना दिली होती त्यांना सांगून काढायला लावली. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचं आठवं कलम चूक करणाऱ्याला दार उघडं ठेवतं: भंग थांबवला आणि त्यानंतर साठ दिवसांत हक्कदाराकडून सूचना आली नाही, तर हक्क कायमचे परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत इतकी माया नव्हती. कोड लिहिणाऱ्यानं ईस्पीक गोडोला जोडणारं त्याचं एक्स्टेन्शन वेगळं काढून जीपीएलखालीच खुलं केलं. त्या कोडची मला लाज वाटली नसती, त्यालाही वाटली नाही.

मग आवाज. फोनची स्वतःची वाचकप्रणाली वापरायची सोय गोडो ४ मध्ये आहे, आणि लायसन्सच्या बाजूनं ती निर्धोक, कारण तो आवाज फोनचा, आपल्या ॲपचा नाही. पण प्रत्येक फोनवर आवाज वेगळा, कुठं असेल कुठं नसेल, आणि जिथं असेल तिथं तो स्टेशनवर गाडी सुटल्याची सूचना दिल्यासारखा. आखाड्यात हलगी कडाडतीय आणि वरून "कृपया लक्ष द्या" छाप सूर. मालकांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "हे काय, मयताची घोषणा हाय काय?"

तिसऱ्यानं, चहावाल्यानं, मग जे सुचवलं ते आम्हाला आधी सुचायला हवं होतं. गावोगावच्या जत्रेत मैदानं गाजवणारे एक निवेदक त्याच्या ओळखीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांना पोटमाळ्यावर आणलं, गाद्या उभ्या करून खोलीचा घुमारा मारला आणि दोन दिवस रेकॉर्डिंग केलं. डावांची नावं, तालमींसाठीची विशेषणं, "पाठ टेकली, चितपट!", आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर पंचांची समजूत काढायची वाक्यं. मामा कागद बघतच नव्हते. एक "घिस्सा" सात प्रकारे म्हणून दाखवला, त्यातले चार आम्ही वापरले. यंत्रात नसलेली गोष्ट आली: श्वास. डाव लागायच्या आधी मामा श्वास घेतात, आणि खेळणाऱ्याचा हात बटणावर आपोआप आवळतो.

लायसन्सच्या बाबतीत पोळलेले आता ताकही फुंकत होते, ते बरंच झालं. मामांना मानधन हातात ठेवून काम भागलं असतं; त्यांनी कागद मागितलाच नव्हता. पण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये हस्तांतर लेखी लागतं, आणि कलम १९ मध्ये दोन बारीक खोड्या आहेत. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर तो फक्त भारत धरतात. ॲप स्टोअरवर गेम टाकताना तुम्ही तो दुबई-न्यूजर्सीच्या मराठी माणसालाही विकत असता. म्हणजे मोघम कागद केला असता, तर पुण्यात मामांचा आवाज कायदेशीर आणि दुबईत बेकायदा. कागद मराठीत केला, मुदत, देश, मोबदला, कलाकाराचे हक्क आणि नावाचा उल्लेख, सगळं वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "एवढं तर शेत विकताना बी लिहीत नाहीत."

चित्रांकडं वळलो तेव्हा लहानसं पण गमतीचं सापडलं. लाल मातीचा पोत एका मुक्त संग्रहातून घेतलेला, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए (नाव द्या, बदललं तर त्याच लायसन्सखाली द्या) लायसन्सचा. त्या लायसन्सात अट आहे की घेणाऱ्याचे हक्क रोखणारं तांत्रिक कुलूप लावायचं नाही. ॲप स्टोअर तर प्रत्येक ॲपला आपलं कुलूप लावूनच देतं. या भांडणापायीच ओपनगेमआर्ट या गेमची मुक्त चित्रं ठेवणाऱ्या साइटवाल्यांनी कुलपाची अट काढून ओजीए-बीवाय नावाचं वेगळं लायसन्स केलं. आम्ही वाद घातला नाही. आपल्या गावात लाल मातीचा पोत इंटरनेटवरून उतरवायचा, हेच मुळात जरा लाजिरवाणं. चित्रकार मुलगी एका तालमीत गेली, वस्तादांना विचारून हौद्याचे फोटो काढून आली. ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेली माती, तिचा रंग त्या उतरवलेल्या पोताला कधी आलाच नव्हता. तिची एक शंका वाटेत मिटली: मॉडेलं करायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर जीपीएल आहे, मग त्यात केलेली मॉडेलंही जीपीएल का? नाही. ब्लेंडर हे हत्यार. त्यातून निघालेला माल करणाऱ्याचा. (ब्लेंडरचं स्वतःचं गेम इंजिन होतं तेव्हा प्रश्न वेगळा होता, कारण त्यात खेळासोबत ब्लेंडरचा कोडही जायचा. २.८० पासून ते इंजिनच काढलंय.)

गेम ॲपलकडं पाठवला. पहिल्या फेरीत परत आला, कारण आयपॅडवर एक बटण पडद्याबाहेर जात होतं. लायसन्सबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या फेरीत मंजूर. परवान्यांच्या स्क्रीनवर गोडो, फ्रीटाईप, हार्फबझ आणि बाकीच्यांचा मजकूर आहे. गोडो तो कोडमधूनच काढून देतं, त्यामुळं हाताला फार काम नव्हतं. त्याच्याखाली मामांचं नाव.

गमावलं ते एकच, आणि ते थोडं नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला कुणाचंही नाव पुकारता येत नाही. मामांनी नेहमीची दोनशेबारा नावं आणि तालमींची काही नावं म्हणून दिली होती. यादीत नसेल त्याला "पट्ठा" म्हणून भागवलं जातं. जुन्या चाचणीतल्या पैलवानांनी पहिली तक्रार हीच केली.

मालकांनी गेम स्वतःच्या आयफोनवर उतरवला, नाव टाईप केलं, आवाज मोठा केला. हलगी वाजली. "लाल लांगेत पट्ठा!"

त्यांचं नाव यादीत नव्हतं. मामांना गुरुवारी परत बोलावलंय, आणि कागदाला एक पुरवणी जोडायची आहे.